जुन्या घरांतील सामानाची शब्दसंपत्ति



वडिलार्जित घराची वाटणी करावयाची वेळ आली कीं जुनीं कागदपत्रें बाहेर निघतात. अशा एखाद्या वाटणीपत्रांत साधारणपणें पुढील धर्तीचा मजकूर असतो: सोप्याचे पश्चिमेकडील दोन खण, माजघराचा निमा हिस्सा वरील पोटमाळ्यासह, आणि परसांतील विहिरीवर सामायिक वहिवाट. ज्यानें हें लिहिलें व ज्यांनीं त्यावर सह्या केल्या, त्यांना ह्यांतील एकही शब्द अवघड नव्हता. आज तोच कागद हातीं घेणारी सुशिक्षित मंडळी मात्र अडखळते. खण म्हणजे खोली असें एक भाऊ समजतो. खण म्हणजे हात-दोन हातांची पट्टी असें दुसऱ्यास वाटतें. आणि सोपा कोठें संपला व माजघर कोठें सुरू झालें, हें सांगणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. भिवंडी, कल्याण, ठाणें ह्या भागांत जुनीं घरें पाडून उंच इमारती उठविण्याचें काम ज्या वेगानें चाललें आहे तो पाहतां, हा प्रश्न पुष्कळ कुटुंबांच्या दाराशीं येऊन ठेपला आहे. तेव्हां घराची मांडणी आणि घरांतील सामान ह्यांच्या शब्दांचा आज जो विचार करावयाचा आहे, तो केवळ भाषेच्या हौसेनें नव्हे.

ह्या विचारास भिवंडीसारखें गांव फार सोयीचें आहे. कामवारी नदीच्या कांठीं तें वसलें. त्याच्या दक्षिणेकडून उल्हास नदीची खाडी वसईकडे जाते. पाण्याच्या ह्या वाटेनें माल आला, माणसें आलीं, आणि त्यांच्याबरोबर शब्दही आले. मूळची मराठी वस्ती, कोंकणी मुसलमान व्यापाऱ्यांचीं जुनीं घराणीं, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेले मोमीन विणकर, असे अनेक थर येथें एकमेकांशेजारीं बसले. आदिलशाहीच्या ताब्यांतील हें गांव कल्याणबरोबरच २४ ऑक्टोबर १६५७ रोजीं शिवाजीमहाराजांनीं घेतलें. जवळची वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें पांच वर्षें, पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनीं ती जिंकली, आणि त्या मोहिमेंतील नवसाशीं ज्याची कथा जोडलेली आहे तें वज्रेश्वरीचें देऊळ भिवंडी तालुक्यांतच आहे. इंग्रजी अमदानींतील वर्णनांत भिवंडीचा व्यापार भात, सुकी मासळी, कापड, गवत आणि लांकूड ह्यांचा सांगितला आहे. जेथें लांकूड येतें तेथें सुतार येतो, आणि घराची निम्मी भाषा सुताराच्या तोंडीं असते.

प्रथम देशी थर पाहूं. कोंकणांतील मध्यम प्रतीच्या घराचा क्रम साधारण असा: पुढें अंगण, पायऱ्या चढून जोतें, जोत्यावर ओटी किंवा पडवी, तिच्यामागें माजघर, माजघराच्या अंगास देवघर व बाळंतिणीची खोली, त्यामागें स्वयंपाकघर, मागील पडवी, आणि शेवटीं परसूं. देशावरील वाड्यांत मध्यें उघडा चौक असतो व त्याच्याभोंवतीं सोपे. चारी बाजूंस सोपे असले कीं तो चौसोपी वाडा. माजघर हा शब्द ‘मध्य’ आणि ‘गृह’ ह्या दोन संस्कृत शब्दांपासून झिजत झालेला आहे. मुख्य छपराच्या उतारास जोडून खालीं काढलेला निरुंद भाग ती पडवी. ही नुसती खोल्यांची यादी नव्हे. ती माणसांची प्रतवारीही होती. परका मनुष्य ओटीवर थांबे, आप्त माजघरांत येई, घरच्या स्त्रियांचा दिवस माजघराच्या आंतल्या बाजूस जाई. आणि ज्यांना जातीमुळें अंगणाच्या पुढें पाऊल टाकूं दिलें जात नसे, त्यांच्या वांट्यास ओटीही येत नसे. घराच्या शब्दांत हा अन्यायही नोंदला गेला आहे. शब्द जपतांना तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

घराच्या सांगाड्याचे शब्द ह्याहून नेमके आहेत. लांकडी खांब दगडाच्या तळखड्यावर उभा राहतो. त्यामुळें जमिनीची ओल लांकडास लागत नाहीं. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, अशा रचनेच्या छतास कडीपाट म्हणतात. उतरत्या छपरांतील सर्वांत उंच आडवें लांकूड तें आढें. आढ्यापासून खालीं उतरतात ते वासे. आणि छपराची जी कड भिंतीबाहेर येऊन पावसाचें पाणी टाकते ती वळचण. दोन खांबांमधील जागा तो खण. खणाची लांबी सर्वत्र एक नसे. हातीं आलेल्या लांकडाच्या मापानें ती ठरे. म्हणून वाटणीपत्रांतील ‘दोन खण’ फुटांत मोजण्यापूर्वीं त्या घराचे खांब कोठें होते हें पाहिलें पाहिजे. खांब निघून गेले असले, तरी जोत्यांत तळखडे राहिले असल्यास तेच खणांच्या सीमा दाखवूं शकतात. हाच ‘खण’ शब्द मेजास लागला कीं ओढून काढावयाचा कप्पा होतो, आणि चोळीच्या कापडास लागला कीं एका चोळीपुरता तुकडा होतो. तिन्ही ठिकाणीं कल्पना एकच आहे: सीमा घालून वेगळा केलेला भाग.

दाराचे शब्दही असेच पाहण्यासारखे आहेत. चौकटीच्या माथ्यावरील कोरीव फळीस गणेशपट्टी म्हणतात. वाड्याच्या मोठ्या दरवाज्यांत काढलेलें लहान दार ती दिंडी. आंतून आडवें सरकविण्याचें लांकूड तो अडसर. चौकटीची खालची पट्टी तो उंबरठा. संस्कृतांत ‘उदुंबर’ ह्या शब्दाचे उंबराचें झाड आणि दाराची खालची पट्टी असे दोन्ही अर्थ आहेत. मराठी उंबरा व उंबरठा त्याच वंशांतले. श्रीमंत वाड्यांत खांबास सुरूच्या झाडाचा घाट देत, म्हणून ते सुरूचे खांब. त्यांच्या माथ्याजवळ केळफुलाचें कोरीव काम असे. दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेल्या पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत हें काम पाहावयास मिळतें. लांकडांचीं नांवें तर सुताराच्या ज्ञानाची परीक्षाच होती: खांबास व तुळईस साग, कोरीव सामानास शिसव, आडव्या भारास ऐन किंवा हेद, पाटास फणस.

आतां सामानाकडे वळूं. आज आपण ज्यास फर्निचर म्हणतों तें जुन्या मराठी घरांत फारच थोडें असे. ह्याचें एक कारण असें कीं, वस्तु ठेवण्याचें पुष्कळसें काम भिंतीच करीत. जाड भिंतींत सोडलेली उघडी पोकळी तो कोनाडा. दिव्यापुरता लहान कोनाडा ती देवळी. दारें लावून बंद केलेलें तें फडताळ. भिंतींतून पुढें आलेली खुंटी, वरून लोंबणारें शिंकें, मडक्यावर मडकें रचून केलेली उतरंड, धान्याची कणगी. पाण्याच्या घागरी ठेवण्याची जी लांकडी चौकट ती घडवंची. ‘घट’ आणि ‘मंच’ हे दोन शब्द तिच्यांत स्पष्ट दिसतात. बसावयास पाट, पूजेस चौरंग, ताटाखालीं अडणी, निजावयास बाज किंवा खाट, आणि ओटीवर झोंपाळा. त्यासच खानदेश-वऱ्हाडाकडे बंगई म्हणतात. जमिनीवर बसणाऱ्या समाजाचें हें सामान. म्हणून त्यांत उंची थोडी आणि अंथरूण पुष्कळ. ह्याचा अर्थ उंच आसनें आपणांस ठाऊक नव्हतीं असा नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथांत गृह, आसन आणि शय्या ह्यांच्या उपभोगांचें वेगवेगळें वर्णन आहे. परंतु तें राजाचें वैभव. गृहस्थाच्या घरीं पाट आणि घोंगडी.

दुसरा थर फार्सी-अरबी शब्दांचा. हा दरबाराच्या वाटेनें आला, म्हणून त्यांत बैठकीचे शब्द अधिक आढळतात: दिवाणखाना, गालिचा, जाजम, सतरंजी, तक्क्या, गिर्दी, पडदा, चिक, तावदान. गिर्दी म्हणजे गोल उशी, कारण फार्सींत ‘गिर्द’ म्हणजे वाटोळें. सतरंजीचें नांव ‘शतरंज’ म्हणजे बुद्धिबळ ह्यावरून आलें. पटाप्रमाणें चौकड्यांची वीण हें तिचें मूळ लक्षण. तावदान म्हणजे उजेड आंत घेण्याची जागा. पुढें ती जागा अडविणाऱ्या कांचेसच तावदान म्हणूं लागले. राजवाड्यांतील तंबू, कनाती, जाजमें व गालिचे सांभाळणारें खातें तो फरासखाना. पुण्याच्या बुधवार पेठेंतील पोलीस ठाण्याच्या नांवांत तो शब्द अद्याप जिवंत आहे, परंतु त्याचा अर्थ विचारल्यास उत्तर देणारे थोडे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते ह्यांच्या देखरेखीखालीं राजव्यवहारकोश तयार झाला. त्याच्या दहा वर्गांत राज्यकारभारांतील व राजगृहांतील परकी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तो उद्योग मोठा होता आणि कारभाराच्या भाषेवर त्याचा परिणामही झाला. तथापि घरांतून गालिचा व जाजम हे शब्द गेले नाहींत. वस्तु रोज अंथरली जात होती, तोंवर तिचें नांवही टिकलें. शब्दास घालविण्याचें जें सामर्थ्य राजाज्ञेंत नव्हतें, तें वस्तु अडगळींत जाण्यांत आहे, हें आपण आज पाहत आहों.

ह्या थरांतील दोन शब्द विशेष सांगण्याजोगे आहेत. गणपतीच्या मखरास आपण महिरप करतों. मूळ शब्द अरबी ‘मिहराब’. मशिदींत मक्केची दिशा दाखविणारा जो कमानदार कोनाडा असतो त्याचें तें नांव. भिवंडीसारख्या गांवांत मखराची महिरप आणि मशिदीचा मिहराब थोड्याशा अंतरावर नांदतात, आणि दोन्हींकडे कारागिराच्या हातीं कमानीचा घाट एकच असूं शकतो. दुसरा शब्द खुर्ची. तो अरबी ‘कुर्सी’ ह्यापासून आला. कुराणांतील ‘आयतुल्‌कुर्सी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या आयतींत हाच शब्द ईश्वराच्या आसनासाठीं आला आहे. कचेरींतील लांकडी खुर्चीचें कूळ इतकें थोर आहे, हें तिच्यावर बसणाऱ्यास सहसा ठाऊक नसतें.

तिसरा थर पोर्तुगीजांचा. गोमंतकांत जन्मलेले विद्वान् सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु ह्यांनीं आशियांतील भाषांवर पोर्तुगीज शब्दांचा काय परिणाम झाला, ह्यावर १९१३ मध्यें एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. बसावयाचा बाक म्हणजे पोर्तुगीज ‘बांको’. अलमारी म्हणजे ‘आर्मारियो’. चावी म्हणजे ‘चावे’. बिजागरी म्हणजे ‘बिझाग्रा’. बादली, पिंप आणि घमेलें हींही त्याच घराण्यांतलीं. ही यादी नीट पाहिली तर तिच्यांत एक सुसंगति दिसते. गादी-लोडांचे शब्द तिच्यांत नाहींत. जोडकामाचे, कुलुपबंद ठेवण्याचे आणि भरून ठेवण्याचे शब्द आहेत. जुनें मराठी दार बिजागरीवर फिरत नसे. फळीच्याच कडेस वर व खालीं टोकें ठेवीत, तीं चौकटीच्या खळग्यांत बसवीत, आणि दार त्यांवर फिरे. धातूचा जोड आला तो आपलें नांव बरोबर घेऊन आला. शिवाजीमहाराजांनीं १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडींत गलबतें बांधविण्यास आरंभ केला, तेव्हां त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. एका लांकडावर दोन देशांचे सुतार काम करूं लागल्यावर हत्यारांबरोबर शब्दांचीही देवघेव झाली नसती तरच नवल. आपल्या घराच्या दाराकडे पाहा: कुलूप अरबी, त्याची चावी पोर्तुगीज, आणि तें ज्या कडीस लागतें ती कडी देशी.

चौथा थर इंग्रजीचा; टेबल, कोच, ड्रॉवर हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत शिसवी लांकडाचे कोरीव कोच, खुर्च्या व मेजें तयार होत. घाट विलायती आणि नक्षी देशी. परंतु ह्या थरांतील सर्वच शब्द परके नाहींत. कित्येक आपलेच असून परदेशाची वारी करून परतलेले आहेत. तीन पायांची ती तिपाई. आपल्याकडील तिवई तिची बहीण. इंग्रजांनीं तिपाई उचलली, तिचा उच्चार बदलला, आणि चहाच्या इंग्रजी नांवाशीं त्याचें साम्य असल्यामुळें ती चहाचें मेज समजली जाऊं लागली. मग ‘टीपॉय’ हें नांव धारण करून ती आपल्या दिवाणखान्यांत आली, आणि आतां तिला चार पाय असले तरी कोणास वावगें वाटत नाहीं. ‘दिवाण’ ह्या शब्दाचा प्रवास ह्याहून लांबचा. मुळांत तो हिशेबाची वही व कचेरी ह्यांचा वाचक. मग कचेरीचा अधिकारी, मग दरबार, मग दरबाराची गाद्यांची बैठक. ह्या शेवटच्या अर्थानें तो युरोपांत गेला, आणि आज आपल्या दुकानांत खालीं अंथरुणें ठेवावयाची पेटी असलेल्या पलंगास दिवाण म्हणतात. पलंग स्वतः संस्कृत ‘पर्यंक’ ह्याचा वंशज, आणि पालखी त्याच कुळांतली. बंगला हा तर बंगालच्या घरावरून इंग्रजींत गेलेला शब्द.

कधीं कधीं शब्द घर न सोडतांही बदलतो. संस्कृत ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. लोकांच्या तोंडीं झिजून त्याचें ‘कवाड’ झालें, व त्याचा दार हा अर्थ कायम राहिला. मूळ रूप ‘कपाट’ मात्र दारें असलेल्या मांडणीस लागलें. एकाच आईचीं दोन मुलें, एक दारांत उभें आणि एक भिंतीशीं. अशा गोष्टी मनोरंजक असतात, पण त्यांत सावधगिरीही हवी. अरबींत ‘सुफ्फा’ म्हणजे ओटा किंवा उंच बैठक. त्यापासून युरोपांत ‘सोफा’ झाला. आपल्याकडे ‘सोपा’ आहे. तेवढ्यावरून दोघांस सख्खे भाऊ ठरवूं नये. ध्वनींचें साम्य म्हणजे व्युत्पत्ति नव्हे.

सामान गेलें तरी त्याचे शब्द कांहीं काळ म्हणींच्या आश्रयानें राहतात. ज्यांनीं वळचण पाहिली नाहीं तेही वळचणीचें पाणी आढ्याला गेल्याचें बोलतात. ज्यांच्या घरीं शिंकें नाहीं तेही शिंक्याचें तुटलें व बोक्याचें पिकलें असें म्हणतात. घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात, हें सिमेंटच्या छपराखालीं बसूनही पटतें. परंतु हा आश्रय कायमचा नसतो. वळचण म्हणजे काय हें सांगतां आलें नाहीं, म्हणजे अशक्य गोष्ट घडल्याचा त्या म्हणींतील चमत्कार निघून जातो व नुसता सांगाडा उरतो.

ह्यावर उपाय काय? कोशांनीं आपलें काम केलें आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. दाते व कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून १९३८ पर्यंत सात भागांत प्रसिद्ध झाला. माधव ज्यूलियनांचा फार्सी-मराठी कोश १९२५ सालचा. पुण्यास दिनकर केळकर ह्यांनीं आयुष्यभर हिंडून जमविलेले दरवाजे, दिवे व घरगुती वस्तु त्यांच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. पण तुमच्या घरचा सोपा कोणता, हें कोणत्याही कोशांत सांपडणार नाहीं. तें तुम्हींच लिहून ठेवलें पाहिजे. घर पाडण्यापूर्वीं त्याचा साधा नकाशा काढावा. प्रत्येक भागास घरांतील वडीलधारीं माणसें जें नांव देत असतील तेंच लिहावें, पुस्तकांतील नव्हे. खणांची संख्या, प्रत्येक खणाचें माप आणि तळखड्यांच्या जागा नोंदवाव्या. सामानाच्या प्रत्येक वस्तूचें नांव, लांकूड आणि ती कोठें असे हें टिपावें. आजीस व आत्यास प्रथम विचारावें, कारण स्वयंपाकघर, कोठी आणि परसूं ह्यांचे शब्द पुरुषांना निम्मेच ठाऊक असतात. ह्या नोंदीची एक प्रत वाटणीच्या कागदाबरोबर ठेवावी. एका रविवारीं होण्यासारखें हें काम आहे, आणि त्यानें कदाचित् एखादा तंटा वांचेल.

भिवंडीभोंवतीं मानकोली, काल्हेर, राहनाळ ह्या गांवांच्या परिसरांत आज मोठमोठीं गोदामें उभीं आहेत. हजारों घरांचें नवें सामान खोक्यांत बंद होऊन त्यांत येतें व तेथून गांवोगांव जातें. तें वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. बाक आणि अलमारी हींही एकेकाळीं अशींच परक्या गलबतांतून उतरलीं होतीं. त्यांना आपल्या लोकांनीं आपल्या जिभेस रुचेल असें नांव दिलें आणि घरांत जागा दिली. येणाऱ्या सामानास आपणही नांवें देऊं. मात्र जें जात आहे, त्याचीं नांवें त्याच्याबरोबर मलब्यांत जाऊं देऊं नयेत, एवढीच विनंती.